विश्लेषण : पूर रोखण्याआधी आकडे का वाचायचे? महालनोबीस यांनी काय दाखवून दिले?

नदीला पूर आला की बांध उंच करायचे, हा सहज सुचणारा उपाय. पण पुराचे कारणच चुकीचे ठरवले असेल, तर सगळा खर्च पाण्यात! हे प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी शंभर वर्षांपूर्वी नोंदींच्या आधारे दाखवले.

आकड्यांशी ओळख कशी झाली?

२९ जून १८९३ रोजी कोलकात्यात जन्मलेले महालनोबीस मूळचे भौतिकशास्त्राचे. केंब्रिजमधील शिक्षण संपवून १९१५ मध्ये परतताना महायुद्धामुळे त्यांची बोट लांबली. त्या मोकळ्या दिवसांत ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकाचे अंक त्यांच्या हाती आले. संख्याशास्त्राची गोडी लागली ती तिथेच. पुढे १९३१ मध्ये त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली.

पुरांचे गणित काय होते?

१९२२ मध्ये उत्तर बंगालमध्ये मोठा पूर आला. पाणी अडवण्यासाठी खर्चिक जलाशय बांधावेत, असे तज्ज्ञांनी सुचवले. महालनोबीस यांनी सुमारे ५० वर्षांच्या पावसाच्या आणि पुरांच्या नोंदी पडताळल्या. जलाशयांचा उपयोग होणार नव्हता. गरज होती पाण्याचा लवकर निचरा होण्याची.

१९२६ मध्ये ओडिशात ब्राह्मणी नदीला पूर आला. नदीचे पात्र वर आले असल्याने बांध उंच करावेत, असे अभियंत्यांचे मत होते. सुमारे ६० वर्षांच्या नोंदींत मात्र पात्र वर आल्याचे दिसेना. पूर येत होता तो नदीच्या वरच्या भागातील अतिवृष्टीमुळे. म्हणून तिथेच धरणे बांधून पाणी अडवावे, असे त्यांनी सुचवले. पुढे महानदीवरील हिराकूड प्रकल्पाला त्यांच्या आकडेमोडीचा आधार मिळाला. १९५७ मध्ये या धरणाचे उद्घाटन झाले.

‘महालनोबीस अंतर’ म्हणजे काय?

१९३६ मध्ये मांडलेले हे सूत्र आज यंत्रातील बिघाड ओळखायला वापरतात. समजा, मोटारीवरचा भार वाढला की वीज आणि तापमान दोन्ही वाढतात. एके दिवशी वीज कमी, पण तापमान जास्त आहे. दोन्ही आकडे वेगवेगळे पाहिले तर मर्यादेतच. पण ही जोडी नेहमीची नाही. ती नेहमीच्या वागण्यापासून किती दूर आहे, ते हे अंतर मोजते.

२८ जून १९७२ रोजी महालनोबीस यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिन २००७ पासून देशात सांख्यिकी दिन म्हणून साजरा होतो. आज प्रारूपे संगणक बनवतो, पण मूळ काम तेच आहे : आधी नोंदी तपासायच्या, मग उपाय ठरवायचा.