लहुजी वस्ताद

पुणे जिल्ह्यात पुरंदर नावाचा एक बलाढ्य किल्ला आहे. या किल्ल्याच्या पायथ्याशी पेठ नावाचे गाव आहे. त्या गावी १४ नोव्हेंबर १७९४ रोजी एका मातंग कुटुंबात लहुजींचा जन्म झाला. त्यांच्या वडिलांचे नाव राघोजी आणि आईचे नाव विठाबाई. साळवे घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या गडाच्या राखणीचे काम होते. अंधाऱ्या रात्री तटावर उभे राहावे, पाचोळा वाजला तरी कान टवकारावेत, संकट आले तर प्रथम आपण पुढे व्हावे, हा या घराण्याचा धर्म होता. या कामगिरीबद्दल त्यांच्या पूर्वजांना राऊत हा किताब मिळाला होता, असे सांगतात.

गड राखणाऱ्याला शस्त्र चालवता आले पाहिजे. म्हणून लहुजींचे शिक्षण अगदी लहानपणी घरातच सुरू झाले. राघोजी स्वतः शरीराने दणकट आणि शस्त्रविद्येत निपुण होते. त्यांनी मुलाला कुस्ती शिकवली. लाठी, भाला, तलवार आणि दांडपट्टा शिकवला. घोड्यावर बसणे व बंदुकीने नेम धरणे शिकवले. डोंगराची चढण, रानातली वाट आणि गडाचा कडा यांनीही लहुजींना पुष्कळ शिकवले. तारुण्यात पदार्पण करताच लहुजी उंचेपुरे, पिळदार शरीराचे योद्धे म्हणून ओळखले जाऊ लागले.

पण त्या काळची एक गोष्ट मनाला खटकल्यावाचून राहत नाही. ज्यांच्या जागरणावर गड निर्धास्त झोपत असे, त्यांनाच समाज अस्पृश्य मानीत होता. त्यांना पाणवठा वेगळा, वस्ती वेगळी. मंदिराचे दार त्यांना बंद, आणि शाळेचे तर नावच नको. लहुजींनी हा अन्याय जन्मापासून पाहिला आणि सोसला.

सन १८१७ च्या नोव्हेंबर महिन्यात मराठ्यांच्या इतिहासाला कलाटणी मिळाली. ५ नोव्हेंबर रोजी पुण्याजवळ खडकी येथे पेशव्यांचे सैन्य आणि इंग्रज यांची लढाई झाली. पेशव्यांच्या बाजूने बापू गोखले सेनापती होते. राघोजी आणि लहुजी हे दोघे बापलेक या संग्रामात लढले. राघोजींना त्यात वीरमरण आले. पुढे १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. त्याच महिन्याच्या अखेरीस, २६ व २७ नोव्हेंबरला, नागपूर येथे सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांच्या सैन्याचाही इंग्रजांनी पराभव केला. पुणे आणि नागपूर या दोन्ही मराठी राजधान्यांवर एकाच महिन्यात असा घाला पडला.

त्या वेळी लहुजी तेवीस वर्षांचे होते. वडील गेले, राज्य गेले, आणि ज्या विद्येवर घराणे उभे होते तिचा राजाश्रयही गेला. अशा वेळी एखादा खचून गेला असता. लहुजी खचले नाहीत. आपले सारे आयुष्य देशाच्या कामी घालवायचे, असा त्यांनी निश्चय केला आणि तो पाळण्यासाठी ते जन्मभर अविवाहित राहिले. एकट्याने तलवार उपसून राज्य परत मिळत नाही, हे ते जाणून होते. परंतु अंगातील विद्या शत्रूला हिरावून नेता येत नाही, हेही त्यांना ठाऊक होते. ती विद्या शंभर जणांना दिली, तर ती शंभर घरांत जिवंत राहील, असा विचार करून त्यांनी पुण्याच्या गंज पेठेत तालीम चालवली. या गंज पेठेला आज महात्मा फुले पेठ म्हणतात. तालमीत शिकवणाऱ्या गुरूला वस्ताद म्हणतात. लहुजी साळवे तेव्हापासून लहुजी वस्ताद झाले.

पुण्याकडे जिला तालीम म्हणतात, तीच जागा नागपूर, हिंगणा या भागात आखाडा म्हणून ओळखली जाते. नाव कोणतेही असो, तेथील शिक्षणाचा क्रम सर्वत्र सारखाच. तालमीत पाऊल टाकणाऱ्या मुलाच्या हाती पहिल्याच दिवशी शस्त्र देत नाहीत. आधी त्याने लाल मातीचा हौदा खणायचा, माती भुसभुशीत करायची आणि वस्तादांना वंदन करायचे. मग जोर आणि बैठका. जोरांनी छाती आणि दंड भरतात, बैठकांनी मांड्या बळकट होतात, आणि दोन्हींमुळे दम वाढतो. त्यानंतर मल्लखांब. तेलाने गुळगुळीत केलेल्या त्या खांबावर चढताना आणि उलटे होताना शरीर चपळ बनते, पकड घट्ट होते आणि उंचीचे भय निघून जाते. मग कुस्ती. कुस्तीत मुलगा दहा वेळा खाली पडतो. पण पडताना अंग कसे सोडावे आणि पडल्यावर झटकन कसे उठावे, हे त्याला त्यातूनच कळते. संकटाच्या वेळी हीच गोष्ट माणसाला वाचवते.

असे शरीर तयार झाल्यावर पवित्रे शिकवले जातात. पवित्रा म्हणजे उभे राहण्याची आणि पाय टाकण्याची रीत. नवख्याला वाटते की लढाई हाताने होते. जाणता वस्ताद प्रथम शिष्याच्या पायांकडे पाहतो. पाय चुकला की तोल जातो, आणि तोल गेला की हातातले शस्त्र निरुपयोगी ठरते. पवित्र्यांपाठोपाठ लाठी येते. लाठी फिरवणाऱ्याच्या भोवती जणू एक कुंपण तयार होते. ते ओलांडून कोणाला सहज आत येता येत नाही. मारण्याआधी वार अडवणे शिकायचे, हा येथील नियम. समोरच्याचा वार त्याच्या हातात दिसण्यापूर्वी त्याच्या डोळ्यांत आणि खांद्यात दिसतो. तो ओळखण्याची सवय रोजच्या सरावानेच लागते. यासाठी फरी-गदक्याचा खेळ असे. गदका म्हणजे कातडे मढवलेली काठी आणि फरी म्हणजे लहानशी ढाल. यात मार लागला तरी जीव जात नाही, आणि चूक मात्र कायमची लक्षात राहते.

शेवटी दांडपट्टा. याचे पाते लांब, सरळ आणि लवचीक असते. त्याच्या मुठीत हात कोपरापर्यंत झाकला जातो. त्यामुळे मनगट वळवता येत नाही. सारा फेर खांद्यातून, कमरेतून आणि पावलांतून घ्यावा लागतो. चहूकडून शत्रूंनी घेरले असता एकटा पट्टेकरी त्यांना दूर ठेवू शकतो. जमिनीवर ठेवलेल्या लिंबाचे पट्ट्याने अचूक दोन तुकडे करणे, ही त्या विद्येची कसोटी मानतात. एवढे मोठे पाते एवढ्या लहान फळावर नेमके थांबवायचे, तर बळापेक्षा संयम अधिक लागतो. ज्याला हात आवरता येतो, त्यालाच पट्टा चालवता येतो.

लहुजींच्या तालमीचे आणखी एक वैशिष्ट्य होते. समाज ज्यांना शिवून घेत नसे, त्या मातंग समाजातील हे वस्ताद. पण त्यांच्याकडे निरनिराळ्या जातींचे तरुण शिकावयास येत. बाहेर माणसामाणसांत भिंती होत्या. हौद्यात सर्वांच्या अंगाला एकच माती लागत होती. तेथे मान मिळे तो मेहनतीला.

या तालमीत १८४७ च्या सुमारास वीस वर्षांचा एक तरुण दाखल झाला. त्याचे नाव जोतीराव फुले. जोतीराव लहुजींकडून दांडपट्टा आणि निशाणबाजी शिकले. पुढे १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गुलामगिरी’ या पुस्तकात त्यांनी आपल्या या गुरूचा नावानिशी उल्लेख केला. इंग्रजांशी लढण्याच्या ओढीने जोतीराव ही विद्या शिकले. पण आपल्या देशबांधवांचा पहिला शत्रू अज्ञान आहे, हे त्यांनी लवकरच ओळखले. सन १८४८ मध्ये पुण्यात भिडे यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या.

मुलींनी आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांनी शिकावे, ही कल्पना तेव्हा अनेकांना सहन झाली नाही. सावित्रीबाई शाळेकडे निघाल्या की काही लोक त्यांच्या अंगावर शेण आणि दगड फेकीत. अशा प्रसंगी लहुजी या कार्याच्या पाठीशी भक्कमपणे उभे राहिले. ते वस्त्यांमधून फिरले आणि मुलांना शाळेत घालण्याविषयी त्यांनी पालकांचे मन वळवले. तालमीतील शिष्य शाळेचे पाठीराखे बनले. लहुजींच्या पूर्वजांनी गड राखला होता. लहुजींनी शाळेची वाट राखली. ज्या दारातून त्यांना स्वतःला कधी जाता आले नाही, त्या दारातून मुलांना निर्भयपणे आत जाता यावे, म्हणून ते बाहेर उभे राहिले.

या राखणीचे चीज झाले. फुले दांपत्याच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मातंग समाजातील मुलगी शिकत होती. तिने आपल्या समाजाच्या दुःखाविषयी एक निर्भीड निबंध लिहिला. तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापला गेला. शाळेची वाट रोखली गेली असती, तर तो निबंध आज आपल्याला वाचावयास मिळाला नसता.

खऱ्या सामर्थ्याचे लक्षण कोणते, हे जोतीरावांच्या आयुष्यातील एका प्रसंगावरून कळते. सन १८५६ मध्ये एका रात्री दोन मारेकरी त्यांच्या घरात शिरले. त्यांना जोतीरावांना ठार मारण्यासाठी पाठवले होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. दांडपट्टा जाणणारे जोतीराव जागे झाले. पण ते घाबरले नाहीत आणि तुटूनही पडले नाहीत. त्यांनी शांतपणे त्या दोघांची विचारपूस केली. ते धैर्य पाहून मारेकऱ्यांच्या हातातील शस्त्रे गळून पडली आणि पुढे ते दोघेही जोतीरावांचे सहकारी झाले. भ्यालेला मनुष्य एकतर पळतो किंवा अंदाधुंद वार करतो. निर्भय मनुष्याला मात्र विचार करण्यास अवधी मिळतो. तालमीचे सर्वांत मोठे देणे हेच आहे.

लहुजींच्या तालमीतून वासुदेव बळवंत फडके हेही घडले. दुष्काळाने गांजलेली रयत पाहून त्यांनी १८७९ साली इंग्रज सरकारविरुद्ध सशस्त्र बंड उभारले. ते पकडले गेले आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात त्यांनी देह ठेवला. इंग्रज सरकारने १८७८ मध्ये शस्त्रांचा कायदा करून परवान्यावाचून हत्यार बाळगण्यास बंदी घातली. परंतु जोर, बैठका, पवित्रे आणि लाठी यांना कायद्याने थांबवता आले नाही. तालमींतून आणि आखाड्यांतून ही विद्या चालतच राहिली.

१७ फेब्रुवारी १८८१ रोजी लहुजींचे निधन झाले. पुण्यात संगमवाडी येथे त्यांची समाधी आहे. त्यांनी मागे संपत्ती ठेवली नाही, वाडा ठेवला नाही. त्यांनी शिष्य ठेवले. त्यांपैकी एकाने हजारो मुलामुलींच्या हाती पाटी दिली, तर दुसऱ्याने देशासाठी प्राण वेचले. आजही एखाद्या गावच्या आखाड्यात मुले आणि मुली पहाटे माती कपाळाला लावून पहिला पवित्रा घेतात, तेव्हा लहुजी वस्तादांची विद्या पुढच्या पिढीच्या हाती जात असते.