तमाशासम्राज्ञी विठाबाई

पुण्याहून नाशिककडे जाताना मीना नदीच्या काठी नारायणगाव लागते. जुन्नर तालुक्यातील हे गाव तमाशाची पंढरी म्हणून प्रसिद्ध आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. जुन्नर, आंबेगाव आणि दूरदूरच्या गावांतील मंडळी आपल्या जत्रेसाठी तमाशाची सुपारी देण्यास येथे येतात. या गावाचे नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी महाराष्ट्रभर गाजविले.

विठाबाईंचा जन्म १९३५ साली पंढरपूर येथे झाला. वडील भाऊ व चुलते बापू यांचा फड त्या काळी नावाजलेला होता. ढोलकीचा ताल आणि तुणतुण्याचा सूर बालपणापासून कानी पडल्यामुळे, रीतसर शिक्षण न घेताही त्या गायन व नृत्यात निपुण झाल्या. तमाशातील कलावतीला एकाच रात्री अनेक रूपे धारण करावी लागतात. गौळणीत अवखळपणा, लावणीत लालित्य, तर वगात भूमिकेला साजेसा अभिनय! या सर्व अंगांत विठाबाईंनी प्रावीण्य मिळविले.

त्यांच्या कलानिष्ठेची एक हकीकत आजही सांगितली जाते. दिवस भरलेले असतानाही त्या रंगमंचावर उभ्या होत्या. खेळ ऐन रंगात आला असता त्यांना प्रसूतिवेदना सुरू झाल्या. त्या पडद्यामागे गेल्या. तेथेच बाळ जन्मले. दगडाने नाळ तोडून त्या पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या. खरा प्रकार कळताच प्रेक्षकांनी खेळ थांबवून आदराने त्यांना विश्रांती घेण्यास लावले.

तमाशा पाहण्यास सारा गाव लोटत असे; पण तमाशातील स्त्रीला मान देताना तोच गाव हात आखडता घेई. अशा काळात विठाबाईंनी आपल्या कलेला प्रतिष्ठा मिळवून दिली. १९९० साली राष्ट्रपतिपदकाने त्यांचा गौरव झाला. मात्र सन्मानाने संसाराची ददात मिटली नाही. त्यांचे उतारवय हलाखीत गेले. अखेरच्या आजारात औषधोपचाराचा खर्चही दात्यांच्या मदतीने भागवावा लागला. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले.

कन्या मंगला बनसोडे यांनी तमाशाची परंपरा पुढे चालविली. तमाशाची दीर्घकाळ सेवा करणाऱ्या कलावंतांना महाराष्ट्र शासन विठाबाईंच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. लोकांचे मन रिझविण्यासाठी जे आपले आयुष्य वेचतात, त्यांच्या पडत्या काळात त्यांची आठवण ठेवणे हे समाजाचे कर्तव्य होय. विठाबाईंचे चरित्र आपणांस हेच शिकविते.