इंदापूरला थांबलेला आवाज : शाहीर अमर शेख

२९ ऑगस्ट १९६९. इंदापूरजवळ अपघात झाला आणि महाराष्ट्राचा एक बुलंद आवाज गेला. लोकशाहीर अमर शेख. त्यांचं खरं नाव मेहबूब हुसेन पटेल, हे आपल्या बारामती-इंदापूरच्या किती मुलांना ठाऊक असेल?

जन्म २० ऑक्टोबर १९१६ चा, बार्शीचा. घरात गरिबी. पण अम्मी मुनेरबी यांच्या गळ्यात लोकगीतं होती, तीच मेहबूबची गाण्याची पहिली शाळा. पोटासाठी त्यांनी गाडीवर क्लीनरचं काम केलं, गिरणीत राबले. गिरणी कामगारांच्या लढ्यात उतरले, तुरुंगातही गेले. पुढे कोल्हापुरात मास्टर विनायकांकडे असताना अमर शेख हे नाव मिळालं.

मग अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक. इथे जरा थांबायला हवं. अण्णा भाऊंची शाळा दीड दिवसाची, असं सगळेच सांगतात. अमर शेखही मोटारीवरून आणि गिरणीतून आलेले. शाळेच्या स्टेजवर नव्हे, कामगारांच्या वस्तीत त्यांची कला फुलली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या डफानं सभा गाजल्या. १ मे १९६० ला राज्य झालं, त्यात या आवाजाचा वाटा मोठा आहे.

आज त्यांची आठवण निघाली ती गॅदरिंगच्या यादीमुळे. आमच्या भागातल्या एका प्राथमिक शाळेत नाचाच्या ड्रेसचं भाडं मागितलं गेलं. ज्यांना जमलं नाही, ती मुलं खाली टाळ्या वाजवायला बसली. त्यात आपलीही होती. शिक्षण हक्क कायदा (२००९) सर्वांगीण विकास सांगतो, म्हणजे गाणं, लेझीम, खो-खो ही कुणाची मेहेरबानी नाही. खरं सांगायचं तर दोष थोडा आपलाही आहे. मुलीचं नाव यादीत आलं की ते काढून घ्यायला आपल्यातलेच काही पालक शाळेत जातात.

अमर शेखांनी ‘कलश’, ‘धरतीमाता’ हे कवितासंग्रह लिहिले, आणि त्यांची लेक मल्लिका नावाजलेली कवयित्री झाली.

येत्या २० ऑक्टोबरला बारामती किंवा इंदापूरच्या एखाद्या शाळेनं अख्ख्या वर्गाच्या हातात आळीपाळीनं डफ दिला, तर आम्हाला जरूर कळवा. ती बातमी आम्ही पहिली लावू.