नटबोल्टची वाघीण : मुलांना सुट्या भागांतून रेल्वे जोडायला शिकवणारा कारकून, फ्रँक हॉर्नबी

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात. इंग्रजी वॅगनचं आपल्या लोकांनी घातलेलं हे बारसं.

आता अशी एक वाघीण डोळ्यांसमोर आणा, जी वीतभरसुद्धा लांब नाही. पत्र्याची आहे, चार चाकांची आहे, रुळावरून पळते. आणि तिची खासियत म्हणजे स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलात तर ती पूर्ण सुटी करता येते. बाजू वेगळ्या, तळ वेगळा, चाकं वेगळी. मग पुन्हा पहिल्यापासून जोडायची.

१९२० साली इंग्लंडमधल्या दुकानांत अशी वाघीण आली. ती बनवणाऱ्या माणसाचं नाव फ्रँक हॉर्नबी. मॉडेल रेल्वेचा नाद असलेल्यांना हॉर्नबी हे नाव सांगावं लागत नाही, पण बहुतेकांना तो फक्त ब्रँड वाटतो. त्या नावामागचा माणूस चाळिशी उलटेपर्यंत कारकुनी करत होता आणि त्याच्याकडे इंजिनीअरिंगचं कसलंही शिक्षण नव्हतं.

हिशेबाच्या वह्या आणि पत्र्याचे तुकडे

फ्रँकचा जन्म १५ मे १८६३ चा, लिव्हरपूलचा. वडिलांचा किराणा आणि खाद्यपदार्थांचा व्यापार होता. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा वडिलांच्याच पेढीवर रोखपाल म्हणून बसला. १८८७ मध्ये क्लारा गॉडफ्रॉय या शिक्षिकेशी लग्न झालं. पुढे रोलंड आणि डग्लस ही मुलं आणि पॅट्रिशिया ही मुलगी झाली.

१८९९ मध्ये वडील गेले आणि पेढी बंद झाली. फ्रँकनं डेव्हिड एलियट नावाच्या मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे हिशेबनिसाची नोकरी धरली. वय ३६, घरात लहान मुलं, नोकरी दुसऱ्याची. इथून पुढे काही मोठं घडेल असं कुणी म्हटलं नसतं.

पण घरी आल्यावर हा माणूस पत्रा कापत बसायचा. मुलांसाठी पूल, गाड्या, क्रेन असं काहीबाही बनवायचा. आणि तिथं त्याला एक अडचण सतावू लागली. प्रत्येक खेळण्यासाठी नवे भाग कापावे लागायचे. क्रेन झाली की तिचे भाग तिच्यातच अडकून पडायचे. पूल करायचा तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मग त्यानं उलटा विचार केला. खेळणं आधी ठरवायचंच नाही. आधी भाग ठरवायचे आणि ते असे ठरवायचे की कुठलाही भाग कुठंही बसला पाहिजे. अर्धा इंच रुंदीच्या पट्ट्या आणि त्यांवर दर अर्ध्या इंचाला एक भोक. सगळी भोकं सारख्या मापाची. दोन पट्ट्या जोडायला नट आणि बोल्ट. झालं! आज क्रेन करा, उद्या तिचे बोल्ट काढा आणि त्याच पट्ट्यांतून पूल उभा करा.

वाचायला सोपं वाटतं, पण सगळी जादू त्या अर्ध्या इंचात आहे. भोकांमधलं अंतर ठरलेलं असलं की मुलाला मोजमाप घ्यावं लागत नाही. काटकोन, त्रिकोण, चौकट सगळं आपोआप जुळतं.

पाच पौंडांची उधारी

पेटंट घ्यायचं तर पैसे हवेत आणि हिशेबनिसाच्या पगारात ते नव्हते. फ्रँकनं आपल्या मालकाकडूनच, म्हणजे एलियटकडून ५ पौंड उसने घेतले आणि जानेवारी १९०१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पुढे एलियट त्याचा भागीदारही झाला.

१९०२ मध्ये पहिले संच बाजारात आले. नाव होतं मेकॅनिक्स मेड ईझी. एका संचात १६ प्रकारचे भाग आणि १२ मॉडेल्स कशी करायची हे सांगणारं पत्रक. लिव्हरपूलमधले इंजिनीअरिंगचे प्राध्यापक हेली-शॉ यांनी या कल्पनेची शिफारस केली, त्याचा उपयोग झाला. पण धंदा म्हणून बघाल तर १९०३ मध्ये १,५०० संच विकूनही नफा शून्य. पहिला किरकोळ नफा दिसायला १९०६ उजाडलं.

१९०७ मध्ये उलटाच प्रश्न उभा राहिला. मागणी इतकी वाढली की भाग बनवून देणारे कारखाने पुरे पडेनात. फ्रँकनं नोकरी सोडली, लिव्हरपूलच्या ड्यूक स्ट्रीटवर जागा घेतली आणि स्वतःच भाग बनवायला सुरुवात केली. तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. त्याच वर्षी लांबलचक जुनं नाव जाऊन नवं सुटसुटीत नाव आलं, मेकॅनो.

हे नाव तुम्ही नक्की ऐकलंय. भोकं पाडलेल्या पट्ट्या आणि नटबोल्टचा कुठलाही संच आपल्याकडं मेकॅनो म्हणूनच ओळखला जायचा.

१९०८ मध्ये मेकॅनो लिमिटेड कंपनी झाली. एलियटनं तिच्यात यायचं नाही असं ठरवलं आणि सगळा कारभार फ्रँककडे आला. १९१४ मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला. १९१६ पासून कंपनीचं स्वतःचं मासिक निघू लागलं. मुलं वाट बघत बसायची असं ते मासिक होतं.

रेल्वे आली, पण सुटी होऊन

पहिल्या महायुद्धापर्यंत ब्रिटिश मुलांच्या हातातल्या बहुतेक पत्र्याच्या आगगाड्या जर्मनीतून यायच्या. युद्धात ती आयात थांबली आणि युद्धानंतर जर्मन माल घ्यायला लोक नाखूष होते. बाजारात मोठी जागा रिकामी होती. १९२० मध्ये फ्रँकनं तिथं आपली गाडी घातली आणि या वेळी खोक्यावर स्वतःचं नाव दिलं : हॉर्नबी ट्रेन.

चावी द्यायचं इंजिन, त्याच्यामागं कोळशाचा टेंडर आणि एक उघडी वाघीण. रुळांची रुंदी ३२ मिलिमीटर. आणि सगळं मेकॅनोच्या तत्त्वावर, म्हणजे नटबोल्टनं जोडलेलं.

त्या वाघिणीची रचना बघण्यासारखी आहे. खाली चाकं धरणारा सांगाडा आणि वर बोल्टनं बसवलेलं शरीर. रेल्वे कंपनीची अक्षरंसुद्धा रंगवलेली नव्हती. पत्र्यातून वेगळी कापलेली अक्षरं बाजूवर अडकवायची. काही मोडलं तर तेवढाच भाग बदलायचा, अख्खं खेळणं फेकायचं कारण नाही.

पुढच्या काही वर्षांत तऱ्हेतऱ्हेच्या वाघिणी आल्या. तेलाच्या टाक्या, लाकडाचे ओंडके वाहणाऱ्या, क्रेन बसवलेल्या, बिस्किट कंपन्यांची नावं मिरवणाऱ्या बंद वाघिणी. पण खालचा सांगाडा बऱ्याच वाघिणींना सारखाच. पट्टीच्या भोकांची युक्ती इथं पुन्हा वापरली होती. पाया एक ठेवला की वरचं रूप हवं तसं बदलता येतं. खऱ्या रेल्वे कारखान्यांतही असंच चालतं. मुलांना हे कुणी शिकवलं नाही, खेळता खेळता ते कळलं.

आणि मग बोल्ट गेले

पण इथं फ्रँकला एक अवघड निवड करावी लागली.

मेकॅनो घेणारं मूल जोडायला बसायचं. रेल्वे घेणाऱ्या मुलाला गाडी पळवायची होती. शंभर वेळा वाघीण उघडून बघण्यात बहुतेकांना रस नव्हता. शिवाय एकेक बोल्ट कारखान्यात हातानं बसवायचा म्हणजे वेळ आणि खर्च. त्यापेक्षा पत्र्यालाच छोटे कान ठेवायचे, ते खाचेतून पलीकडं काढायचे आणि वाकवायचे. काम झटपट, माल स्वस्त. फक्त कान दोन-चार वेळा उलटसुलट वाकवले की तुटतात. म्हणजे असं खेळणं उघडायचं नसतं.

विसाच्या दशकात हळूहळू हॉर्नबीच्या गाड्यांमधले नटबोल्ट गेले आणि कानांची जोडणी आली. सुट्या भागांवर आयुष्य उभं केलेल्या माणसानं आपली रेल्वे बंद करून टाकली. धंद्याच्या नजरेनं हा निर्णय बरोबर होता. गाड्या प्रचंड खपल्या. १९२५ मध्ये विजेवर चालणारी गाडी आली, १९२८ मध्ये मुलांसाठी हॉर्नबी रेल्वे कंपनी नावाचा क्लब सुरू झाला. गाडीभोवतीच्या देखाव्यासाठी बनवलेल्या छोट्या वाहनांतून १९३४ मध्ये डिंकी टॉईज हे नाव पुढं आलं. उसन्या ५ पौंडांनी सुरुवात केलेला हिशेबनीस लखपतीच्याही पुढं गेला होता.

१९३१ मध्ये तो लिव्हरपूलच्या एव्हर्टन मतदारसंघातून काँझर्व्हेटिव्ह पक्षाचा खासदार झाला. १९३५ च्या निवडणुकीला मात्र उभा राहिला नाही. तब्येत खालावली होती. हृदयविकार आणि त्यात मधुमेह. २१ सप्टेंबर १९३६ ला, वयाच्या ७३ व्या वर्षी फ्रँक हॉर्नबी गेला. लिव्हरपूलजवळच्या मॅगल गावात त्याची कबर आहे.

माणूस गेला, नाव राहिलं

त्याच्यानंतर दोन वर्षांनी, १९३८ मध्ये कंपनीनं हॉर्नबी डब्लो ही निम्म्या आकाराची रेल्वे काढली. तिचा रूळ १६.५ मिलिमीटरचा. छोट्या घरात टेबलावर मांडता येईल अशी. पण युद्धानंतर प्लास्टिकच्या गाड्यांशी स्पर्धा वाढली. १९६४ मध्ये मेकॅनो कंपनी ट्राय-अँग या प्रतिस्पर्धी ब्रँडच्या मालकांनी विकत घेतली. १९७९ मध्ये बिन्स रोडच्या कारखान्याला कुलूप लागलं. आज हॉर्नबी नावानं मिळणाऱ्या गाड्यांची वंशावळ बघितली, तर ती त्या प्रतिस्पर्ध्याकडे जाते. नाव फ्रँकचं, घराणं दुसऱ्याचं.

मग त्याचं नेमकं काय शिल्लक राहिलं?

त्याचं उत्तर वाघिणी जोडणाऱ्या लोकांकडे मिळतं. जगभरात आजही हजारो माणसं तयार डबा न घेता वाघिणीचं किट विकत घेतात. खोक्यात दोन बाजू, दोन टोकं, तळ, खालचा सांगाडा, ब्रेकचा दांडा, बफर, चाकं असे सुटे भाग असतात. पहिलं काम कडांवरचं जास्तीचं प्लास्टिक कानशीनं साफ करायचं. दुसरं आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे सांगाडा काटकोनात बसवायचा. सपाट काचेवर ठेवून बघायचं, चारही चाकं टेकली पाहिजेत. एक चाक केसभर वर राहिलं तरी वाघीण वळणावर रूळ सोडते. मग तळाखाली थोडं वजन चिकटवायचं, कारण हलकी वाघीण मागच्यांच्या ओढीनं कलंडते.

त्यानंतर सुरू होते खरी हौस. रंग, अक्षरं, बोल्टांभोवतीचा गंज, कोळशाची काजळी, फळ्यांचा झिजलेला आतला भाग. काही जण एका वाघिणीवर महिना घालवतात. आपल्याकडंही ही हौस आहे. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून सुरू असलेलं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघितलंत, तर एवढ्याशा रेल्वेत किती जीव ओतता येतो ते कळतं.

गंमत म्हणजे या मंडळींतले बरेच जण हॉर्नबीची तयार वाघीण घेतात आणि घरी आणल्या आणल्या सुटी करतात. चाकं बदलतात, जोडणीचे आकडे बदलतात, जाडजूड दांडे कापून तारेचे बारीक दांडे लावतात. कंपनीनं बोल्ट काढून टाकले, पण उघडून बघण्याची सवय गेली नाही. ती सवय मुलांना लावण्यात लिव्हरपूलच्या त्या हिशेबनिसाचा वाटा मोठा आहे.