बहिणाबाईंची आपबीती

स्वतःच्या आयुष्याची स्वतः सांगितलेली हकीकत म्हणजे आत्मचरित्र. उर्दूत तुम्ही तिला आपबीती म्हणता. सतराव्या शतकात महाराष्ट्रातील एका स्त्रीने अशी आपबीती अभंगांत सांगितली आणि संसारातील दुःखही लपवले नाही. त्या संत बहिणाबाई. (खानदेशातल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी वेगळ्या. त्या फार नंतरच्या.)

बहिणाबाईंचा जन्म 1628 साली वेरूळजवळच्या देवगावात एका ब्राह्मण घरात झाला. आज ज्या वयात मुले शाळेतही जात नाहीत, त्या वयात त्यांचे लग्न लागले. नवरा तिशीचा, बिजवर, वेद शिकलेला, पण अतिशय रागीट. पुढे घरात कर्ज आणि भाऊबंदकी वाढली. बहिणाबाई नऊ वर्षांच्या असताना सर्वांना गाव सोडावे लागले. गावोगाव फिरत कुटुंब कोल्हापुरास येऊन राहिले.

तिथे त्यांना एका वासराचा फार लळा लागला. कीर्तनालाही ते त्यांच्यामागे जाई. लोकांत त्याची चर्चा झाली. ती नवऱ्याच्या कानी गेली आणि त्याने या कोवळ्या मुलीला बेदम मारले. पुढे ते वासरू मेले. दुःखाने बहिणाबाई काही दिवस बेशुद्ध होत्या. तेव्हा स्वप्नात तुकाराम महाराजांनी आपल्याला मंत्र दिला, असे त्या सांगतात. मुरीद जसा पीर मानतो, तसे त्यांनी तुकारामांना गुरू मानले. तुकाराम जातीने शूद्र समजले जात. ब्राह्मणाच्या बायकोने असा गुरू करावा, हे नवऱ्याला सहन होईना. त्यातच लोक बहिणाबाईंच्या दर्शनाला येऊ लागले. बायको गरोदर असताना तो घर सोडून निघाला, पण आजारी पडला. बहिणाबाईंनी महिनाभर त्याची सेवा केली. मग त्याचे मन पालटले.

इंग्रज कवी चॉसर याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस यात्रेकरूंच्या गोष्टींचे एक मोठे काव्य लिहिले. त्यात बाथ गावची एक धीट स्त्री आहे. तिची पाच लग्ने झालेली असतात आणि नवऱ्यांच्या गोष्टी ती न लाजता सर्वांना सांगते. पण ती एका पुरुषाने कल्पिलेली स्त्री होती. बहिणाबाई स्वतःच बोलत होत्या. मला हे धाडस मोठे वाटते. मात्र त्यांना बंडखोर समजू नका. पतिव्रतेचा धर्म त्यांनी मनापासून गायिला, आणि स्त्रीला वेदांचा अधिकार नाही याचे दुःखही बोलून दाखवले. दोन्ही गोष्टी त्यांच्याच.

पुढे नवरा-बायको देहूला आले. पुणे जिल्ह्यातले हे गाव इंद्रायणीकाठी आहे. मुळशीतल्या रिह्याहून ते फार लांब नाही. तिथे त्यांना प्रत्यक्ष तुकारामांचे कीर्तन ऐकायला मिळाले. मंबाजी नावाच्या गोसाव्याने त्यांचा छळ केला, तरी त्या हटल्या नाहीत. देहूतच त्यांना मुलगी झाली.

आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी शिऊर येथे काढली. 1700 साली अंत जवळ आल्याचे जाणून त्यांनी बाहेरगावी गेलेल्या मुलाला, विठोबाला, बोलावून घेतले. या जन्माची हकीकत सांगून झालीच होती. आता आपल्या मागच्या बारा जन्मांची कथा त्या त्याला सांगू लागल्या.