आशुतोष मुखर्जी आणि देशी भाषांचा उच्च अभ्यासक्रम

आशुतोष मुखर्जी यांचा जन्म २९ जून १८६४ रोजी कलकत्त्यात झाला. गणित हा त्यांचा आवडता विषय. १८८५ साली त्यात त्यांनी एम. ए. पदवी मिळविली. पुढे कायद्याकडे वळून १९०४ मध्ये ते कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. तथापि भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्यांचे स्मरण होते ते अभ्यासक्रमाचे शिल्पकार म्हणून.

सिनेटचे तरुण सदस्य असताना १८९१ साली त्यांनी देशी भाषांना विद्यापीठाच्या परीक्षांत स्थान मिळावे असा प्रस्ताव मांडला. बंकिमचंद्रांचा पाठिंबा असूनही तो फेटाळला गेला. देशी भाषांत उच्च अध्ययनास पुरेल इतके वाङ्मय नाही, अशी त्या काळी समजूत होती. मुंबईत मराठीसाठी झटणाऱ्या न्यायमूर्ती रानड्यांनाही तिच्याशीच झगडावे लागले.

१९०६ साली आशुतोष कुलगुरू झाले आणि नव्या नियमांनुसार पदवी परीक्षेपर्यंत देशी भाषेतील लेखन आवश्यक ठरले. १९१९ मध्ये आधुनिक भारतीय भाषा हा एम. ए.चा स्वतंत्र विषय झाला. विद्यार्थ्याने एक भाषा सखोल अभ्यासावी, दुसऱ्या भारतीय भाषेचा परिचय करून घ्यावा, आणि पाली, प्राकृत, फारसी यांसारख्या आधारभूत भाषांची व तौलनिक भाषाशास्त्राच्या मूलतत्त्वांची त्यास जोड द्यावी, अशी त्याची आखणी होती. बंगालीच्या विद्यार्थ्याला बंगालीच्या कुंपणात राहण्याची सोय त्यात नव्हती. पाठ्यग्रंथ नव्हते, तेही विद्यापीठाने सिद्ध करविले: उडिया वेचे विजयचंद्र मजुमदारांनी, तर असमिया वेचे हेमचंद्र गोस्वामींनी संपादिले.

विषय फार आणि द्रव्य थोडे, ही टीका निराधार नव्हती. १९२२ च्या सुमारास विद्यापीठ आर्थिक संकटात सापडले. परंतु सरकारी अटी मान्य करून अनुदान घेण्यास आशुतोषांनी ठाम नकार दिला. काय शिकवावे हे ठरविण्याचा अधिकार विद्यापीठाचाच, ही त्यांची भूमिका होती. २५ मे १९२४ रोजी पाटण्यात त्यांचे निधन झाले.

एका भाषेचे वाङ्मय दुसऱ्या भाषेच्या सान्निध्यात वाचावे, ही त्यांच्या आखणीतील कल्पना पुढे एकेका भाषेच्या स्वतंत्र विभागांत बरीचशी मागे पडली. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला मात्र तिच्याकडेच परतावे लागते.