सर जेम्स ड्यूअर

थर्मासची बाटली आमच्या वाचकांच्या घरोघरीं असेल. पण तिच्या जनकाचें चरित्र फार थोड्यांस ठाऊक असावें. म्हणून तें आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

जेम्स ड्यूअर ह्यांचा जन्म स्कॉटलंडांतील किंकार्डिन गांवीं ता. २० सप्टेंबर १८४२ रोजीं झाला. बाळपणीं पायाखालचा बर्फ फुटून ते पाण्यांत पडले व सांधेतापानें दीर्घकाळ अंथरुणास खिळले. त्या अवधींत ते फिडल हें वाद्य करावयास शिकले. हाताचें तें कसब पुढें प्रयोगशाळेंत कामीं आलें.

१८७७ सालीं ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें प्राध्यापक झाले. वायूंस निववून द्रवरूप देणें हा त्यांचा ध्यास होता. अशा द्रवांसाठीं १८९२ सालीं त्यांनीं दुहेरी भिंतींचें निर्वात भांडें केलें; तेंच आजच्या थर्मासचें मूळ. त्याचें पेटंट त्यांनीं घेतलें नाहीं. पैका दुसऱ्यांनीं मिळविला.

हायड्रोजन मात्र वश होईना. दाबलेला, अगोदरच अतिशय थंड केलेला हा वायु बारीक छिद्रांतून सुटला, तरच प्रसरण पावून अधिक थंड होतो. ता. १० मे १८९८ रोजीं ड्यूअर ह्यांनीं १८० वातावरणांच्या दाबाचा व शून्याखालीं २०५ अंश सेंटिग्रेडपर्यंत निवविलेला हायड्रोजन असा सोडला. सुमारें २० घनसेंटिमीटर द्रव जमला, तोंच नळीचें तोंड तुंबलें! वायूंत राहिलेली किंचित हवाच गोठून तेथें बसली होती. तरी हायड्रोजन द्रवरूप झाला होता.

ह्या कार्याचें मोल जबर होतें. स्फोटांत त्यांच्या दोन साहाय्यकांचा एकेक डोळा गेला. पुढें हीलियमच्या प्रयोगांत त्यांत मिसळलेला निऑन गोठून नळ्या व झडपा पुन्हा तुंबल्या, आणि तो मान १९०८ सालीं हॉलंडच्या कामरलिंग ओनेस ह्यांस मिळाला. १९०४ सालीं सर ही पदवी मिळालेले ड्यूअर ता. २७ मार्च १९२३ रोजीं निवर्तले.

आज कारखान्यांत द्रव ऑक्सिजन व हायड्रोजन सहज खेळविले जातात. तेथील झडपांची मान मुद्दाम लांब ठेवितात, म्हणजे दांड्याभोंवतालचें पॅकिंग थंडीपासून दूर राहून गोठत नाहीं. आंत ओलावा राहूं नये म्हणून नळही आधीं कोरडे करितात.

विद्यार्थिमित्रांनो, बुद्धि, यंत्र व जिद्द असूनही कणभर अशुद्धि मोठें कार्य अडविते. अभ्यासांत व आचरणांत हें आपण सर्वांनीं ध्यानीं ठेवावें, इतकीच आमची विनंती.